द्वेषाचें दंडविधान



२०२५ सालच्या ऑगस्टमधील गोष्ट. माझे एक वयोवृद्ध स्नेही सकाळींच वर्तमानपत्र हातांत घेऊन माझ्याकडे आले. त्यांची धाकटी कन्या आयर्लंडमध्यें, डब्लिन शहरीं, नोकरीला आहे. जुलैच्या १९ तारखेस डब्लिनच्या टॅला नांवाच्या उपनगरांत एका भारतीय गृहस्थास टोळक्यानें बेदम मारहाण केली होती व त्याच्या अंगावरचे कपडेहि ओढून काढले होते. त्यामागोमाग तशाच आणखी कांहीं घटना घडल्या. वॉटरफर्ड गांवीं तर भारतीय वंशाच्या एका सहा वर्षांच्या मुलीलाहि मुलांच्या टोळीनें सोडलें नाहीं. १ ऑगस्ट रोजीं आपल्या वकिलातीनें तेथील भारतीयांना इशारा दिला कीं, निर्जन जागीं, विशेषतः अवेळीं, जाऊं नये. माझ्या स्नेह्यांनीं वर्तमानपत्राची घडी मेजावर ठेवली आणि एवढेंच विचारलें, "तुम्ही कायद्याची पुस्तकें वाचतां, म्हणून विचारतों. माणसाला मारणें हा गुन्हा सर्व देशांत आहेच. मग त्याचा रंग पाहून मारलें काय आणि त्याच्या खिशांतलें पाकीट काढण्यासाठीं मारलें काय, कायद्याच्या लेखीं त्यांत कांहीं अंतर आहे कीं नाहीं?"

मीं त्या दिवशीं दिलेलें उत्तर घाईचें होतें, आणि तें त्यांना पटलें नाहीं हेंहि मला दिसलें. आजच्या भाषणांत तेंच उत्तर जरा सावकाशीनें द्यावें असा माझा विचार आहे. कारण हा प्रश्न एकट्या आयर्लंडचा नाहीं. युरोपांतील राष्ट्रें गेलीं पंचवीस वर्षें त्याच्याशीं झुंजत आलेलीं आहेत, आणि ती झुंज आपणां भारतीयांस अगदींच परकी वाटावी अशी नाहीं.

युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेनें २८ नोव्हेंबर २००८ रोजीं एक निर्णय संमत केला. वंशद्वेष व परकीयद्वेष यांच्या कांहीं प्रकारांचा आणि आविष्कारांचा फौजदारी कायद्यानें प्रतिकार करण्याविषयींचा चौकट-निर्णय, असें त्याचें लांबलचक नांव. यांतला चौकट हा शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे. संघानें स्वतः कायदा केला नाहीं. त्यानें चौकट आंखून दिली, आणि तिच्या आंतील चित्र प्रत्येक राष्ट्रानें आपापल्या दंडसंहितेंत स्वतःच्या हातानें काढावें असें ठरविलें. त्यासाठीं दोन वर्षांची, म्हणजे २८ नोव्हेंबर २०१० पर्यंतची, मुदत दिली. २०२५ साल उजाडलें तरी कांहीं राष्ट्रांच्या चौकटींत कोरी जागा शिल्लकच होती.

असें कां व्हावें? मुळांत हा निर्णयच सात वर्षें रखडला होता. संघाच्या आयोगानें प्रस्ताव मांडला तो २००१ च्या नोव्हेंबरांत. फौजदारी विषयांत त्या काळीं प्रत्येक राष्ट्राची संमति लागे, आणि प्रत्येक राष्ट्र आपला इतिहास बरोबर घेऊन मेजाशीं बसलें होतें. जर्मनीच्या पाठीशीं नाझी राजवटीची स्मृति. ब्रिटनसारख्या राष्ट्रांस भाषणस्वातंत्र्याची काळजी. बाल्टिक राष्ट्रांचा आग्रह असा कीं, हिटलरच्या अत्याचारांचा उल्लेख होणार असेल तर स्टालिनच्याहि अत्याचारांचा व्हावा. २००७ च्या एप्रिलांत, जर्मनी अध्यक्षस्थानीं असतांना, तडजोड झाली. स्टालिनचें नांव कांहीं निर्णयांत आलें नाहीं. कापड जोडून शिवलें म्हणजे शिवण लपविली तरी हाताला लागते. या निर्णयाच्या भाषेंत तशी शिवण ठायीं ठायीं हाताला लागते.

निर्णयाच्या मागण्या थोडक्यांत सांगतों. वंश, वर्ण, धर्म, कुल अथवा राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांवरून ओळखल्या जाणाऱ्या समूहाविरुद्ध, किंवा अशा समूहांतील एकाद्या व्यक्तीविरुद्ध, हिंसेची अथवा द्वेषाची जाहीर चिथावणी देणें हा प्रत्येक राष्ट्रांत गुन्हा असावा. त्याची कमाल शिक्षा निदान एक ते तीन वर्षें कारावासाची असावी. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे व युद्धगुन्हे यांचें जाहीर समर्थन करणें, ते घडलेच नाहींत असें म्हणणें, अथवा त्यांस क्षुल्लक ठरविणें, हेंहि हिंसा वा द्वेष भडकेल अशा रीतीनें केलें गेल्यास दंडनीय असावें. आणि तिसरी मागणी, जी माझ्या मतें साऱ्या निर्णयाचा गाभा आहे, ती अशी: कोणताहि अन्य गुन्हा वंशद्वेषाच्या अथवा परकीयद्वेषाच्या प्रेरणेनें घडला असेल, तर त्या प्रेरणेमुळें गुन्ह्याचें गांभीर्य वाढतें असें कायद्यानें म्हणावें, किंवा निदान शिक्षा ठरवितांना न्यायाधीशांस ती प्रेरणा विचारांत घेतां यावी. याखेरीज एक लहानसें पण शहाणपणाचें कलम आहे: निदान गंभीर प्रकरणीं तरी तपास पीडिताच्या फिर्यादीवर अवलंबून ठेवूं नये. ज्याला मार बसतो तो पुष्कळदां परक्या देशांत परक्या भाषेंत पोलिसांशीं बोलण्यास भीत असतो, ही गोष्ट हें कलम लिहिणारांस ठाऊक होती.

आतां माझ्या स्नेह्यांचा प्रश्न. हेतूला इतकें महत्त्व कां द्यावें? पुस्तकी उत्तर असें कीं, पाकिटासाठीं मारणाऱ्याचा रोख एका माणसावर असतो; रंगासाठीं मारणाऱ्याचा रोख त्या रंगाच्या प्रत्येक माणसावर असतो. पहिल्यास पाकीट देऊन सुटतां येतें; दुसऱ्यास देण्यासारखें आपल्याजवळ कांहीं नसतें. परंतु याहून खरें उत्तर जर्मनीच्या एका प्रकरणांत आहे, आणि तें मी जरा विस्तारानें सांगणार आहें.

२००० सालच्या सप्टेंबरपासून २००६ च्या एप्रिलपर्यंत जर्मनीच्या निरनिराळ्या शहरांत नऊ माणसें गोळ्या घालून मारलीं गेलीं. आठ तुर्की मूळचीं, एक ग्रीक. कोणी फुलें विकणारा, कोणी किराणा दुकानदार, कोणी खाण्याचा ठेला चालविणारा. बहुतेक सर्व खून एकाच पिस्तुलानें झालेले, हें पोलिसांस कळलेलें होतें. तरी तपासाची दिशा कोणती? तर मृतांचे कांहीं गुप्त धंदे असतील, अफूगांजाचा व्यापार असेल, कोणा तुर्की टोळीचें देणें थकलें असेल! तपासपथकासहि बॉस्फरस असें नांव दिलेलें. म्हणजे मारेकरी त्या सामुद्रधुनीच्या बाजूचाच असणार हें जणूं आधींच ठरलेलें. विधवांना वारंवार चौकशीस बोलाविलें. मुलांना बापाविषयीं नको ते प्रश्न विचारले. वर्तमानपत्रांनीं या खुनांना एका तुर्की खाद्यपदार्थाचें नांव देऊन टाकलें. २००६ सालीं कासेल व डॉर्टमुंड या शहरीं मृतांचे नातेवाईक मिरवणुकीनें रस्त्यावर आले. दहावा बळी नको, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांना मारेकऱ्यांचा हेतु कळला होता. राज्ययंत्रेला कळला नव्हता. २००७ सालीं हाइलब्रॉन येथें एका पोलिस महिलेचा खून झाला, आणि तो दहावा बळी ठरला.

२०११ च्या नोव्हेंबरांत उलगडा झाला, तोहि तपासाच्या हुशारीनें नव्हे. एका बँक-दरोड्यानंतर दोघां आरोपींचीं प्रेतें सांपडलीं, आणि त्यांच्या मागें उरलेल्या वस्तूंवरून कळलें कीं एका नव-नाझी टोळीनें हे सारे खून केले होते. टोळींतील जिवंत राहिलेल्या स्त्रीस म्यूनिकच्या न्यायालयानें ११ जुलै २०१८ रोजीं जन्मठेप दिली. मधल्या काळांत जर्मन संसदेच्या चौकशी-समितीनें २०१३ सालीं अहवाल दिला, आणि त्याच्या परिणामीं दंडसंहितेचें ४६ वें कलम बदललें. १ ऑगस्ट २०१५ पासून, शिक्षा ठरवितांना गुन्हेगाराची वंशद्वेषी, परकीयद्वेषी अथवा अन्य प्रकारें मानवतेचा अवमान करणारी प्रेरणा न्यायालयानें विशेषेंकरून पाहावी, असें त्यांत शब्दशः आलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जर्मनीनें तोंवर असें म्हटलें होतें कीं, आमच्या कलमांत हेतु आणि उद्दिष्टें हे शब्द पूर्वींपासून आहेतच. त्यांत वंशद्वेष आपोआप आला. नवे शब्द कशाला? कायद्याच्या पंडितास हें म्हणणें निर्दोष वाटेल. मला मात्र वाटतें कीं त्या नऊ घरांनीं त्याला पुरेसें उत्तर दिलें आहे. कायद्यांतील शब्द हा केवळ न्यायाधीशासाठीं नसतो. तो तपास करणाऱ्या फौजदाराच्या वहींतला एक रकाना असतो. वहींत रकानाच नसेल तर फौजदार तो प्रश्न विचारीत नाहीं. आणि प्रश्न विचारला नाहीं तर पुरावा गोळा होत नाहीं. मग न्यायाधीशापुढें निर्दोष कलम असून उपयोग काय? युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेंहि हेंच धोरण घेतलें. बल्गेरियांत १९९६ सालीं दोन रोमा तरुण लष्करी पोलिसांच्या गोळ्यांनीं मेले. त्या प्रकरणीं या न्यायालयाच्या महापीठानें ६ जुलै २००५ रोजीं सांगितलें कीं, अशा घटनेमागें वांशिक द्वेष होता कीं काय याचा शोध घेणें हें राज्याचें स्वतंत्र कर्तव्य आहे, आणि बल्गेरियानें तें पार पाडलें नाहीं. गोळीबार द्वेषानेंच झाला असें सिद्ध झालें, असें न्यायालय म्हणालें नाहीं. शोधच घेतला नाहीं, हा दोष.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. तो असा कीं, अशानें आपण कृत्याला नव्हे, विचाराला शिक्षा करतों. पण जुन्यांतला जुना फौजदारी कायदाहि हेतूच्या मागें जातच आला आहे. पूर्वनियोजित खून आणि संतापाच्या भरांत झालेला खून यांत शव तेंच असतें. अंतर मारणाऱ्याच्या मनांत असतें. भाषणस्वातंत्र्याचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता देश अमेरिका. पण तेथील सर्वोच्च न्यायालयानेंहि १९९३ सालीं विस्कॉन्सिन राज्याच्या खटल्यांत एकमतानें म्हटलें कीं, वंशद्वेषानें झालेल्या मारहाणीस जास्त शिक्षा देणें घटनाविरुद्ध नाहीं.

खरी अडचण तत्त्वाची नसून पुराव्याची आहे. मनांतला हेतु सिद्ध कसा करावा? या बाबतींत आपल्या देशाचा अनुभव सांगण्यासारखा आहे. अनुसूचित जाति व जमाति यांवरील अत्याचारांचा प्रतिबंध करणारा आपला कायदा १९८९ चा. पीडित मनुष्य त्या जातीचा आहे या कारणावरून गुन्हा केला गेला, असें सिद्ध झाल्यास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा, असें त्यांतील एक कलम होतें. व्यवहारांत आरोपीचे वकील म्हणत, भांडण शेताच्या बांधावरून झालें, पाण्यावरून झालें, जातीवरून नव्हे; आणि या कारणावरून हे शब्द सिद्ध होता होईनात. शेवटीं २०१५ च्या सुधारणेनें संसदेनें ते शब्द काढले आणि पीडित त्या जातीचा आहे हें ठाऊक असून, असे शब्द घातले. केवढा फरक पडला पाहा! हेतूच्या जागीं ज्ञान आलें. युरोपांत दुसरी वाट निघाली. ब्रिटननें १९९८ सालींच असें ठरविलें होतें कीं, गुन्ह्याच्या वेळीं, किंवा लगेच आधीं अथवा मागून, आरोपीनें वंशद्वेष प्रकट केला असेल तर तेवढें पुरे. त्याच्या अंतःकरणाचा तळ गांठण्याची आवश्यकता नाहीं. मारतां मारतां तो काय बोलला हें साक्षीदारांस ऐकूं येतें. मला ही कसोटी व्यवहार्य वाटते. अर्थात् रागाच्या भरांत तोंडून गेलेली शिवी आणि मुरलेला द्वेष यांची गल्लत होण्याचा धोका तींत आहे, तो नाकारतां येत नाहीं.

हेतूच्या कलमापर्यंत बहुतेक राष्ट्रें पोंचलीं. चिथावणीच्या कलमाशीं मात्र गाडी अडते. चौकट-निर्णयानें राष्ट्रांना मोकळीक ठेवली आहे कीं, सार्वजनिक शांततेचा भंग होण्याजोगी अथवा धमकीवजा, शिवीगाळीची वा अपमानकारक अशी चिथावणीच काय ती त्यांनीं दंडनीय करावी. तरीहि कांहींचे कायदे या मोकळिकीच्याहि बाहेर राहिले. एस्टोनियाचें उदाहरण मासलेवाईक आहे. २०२० सालीं आयोगानें त्या राष्ट्रास नोटीस दिली, त्या वेळच्या तेथील दंडसंहितेप्रमाणें द्वेषाची चिथावणी हा गुन्हा होई, पण केव्हां? तर तिच्यामुळें कोणाच्या जीवितास, आरोग्यास अथवा मालमत्तेस प्रत्यक्ष धोका उत्पन्न झाला तरच. घराला आग लागल्यावांचून काडी ओढणारास हात लावूं नये, असा त्याचा अर्थ झाला.

इतिहास नाकारण्याच्या कलमाविषयीं माझें मन स्वच्छ नाहीं, हें मोकळेपणानें सांगतों. ज्या देशाच्या भूमीवर छळछावण्या होत्या तेथें, त्या छावण्या नव्हत्याच असें म्हणणें ही वाचलेल्यांच्या जखमेवर घातलेली डागणी आहे, हें कोणालाहि कळेल. परंतु इतिहासाचा निवाडा न्यायालयानें करावा काय? दोगू पेरिन्चेक या तुर्की राजकारणी गृहस्थानें स्वित्झर्लंडमध्यें, आर्मेनियन लोकांचा संहार हा वंशसंहार नव्हे, असें जाहीर भाषणांत म्हटलें. स्विस न्यायालयानें त्याला दंड केला. मानवी हक्क न्यायालयानें १५ ऑक्टोबर २०१५ रोजीं ती शिक्षा भाषणस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरविली. त्या बोलण्यानें स्वित्झर्लंडांत द्वेष किंवा हिंसा भडकण्याजोगी परिस्थिति नव्हती, हें त्यांतलें एक कारण. फ्रान्सच्या घटनापरिषदेनेंहि २०१२ सालीं अशाच जातीचा एक कायदा रद्द केला. उलट जर्मनीवर आयोगाचा दट्ट्या आला कीं, तुमचा कायदा नाझी गुन्ह्यांपुरताच आहे, तो विस्तृत करा. आणि २०२२ सालीं जर्मन संसदेनें आपल्या १३० व्या कलमास नवें पोटकलम जोडून तो विस्तृत केला. स्वीडननेंहि १ जुलै २०२४ पासून आपला कायदा बदलला. म्हणजे एका युरोपीय संस्थेचा ओढा कायदा रुंद करण्याकडे आणि दुसरीचा तो रुंद झाल्यावर मोजपट्टी लावण्याकडे. राष्ट्रांच्या कायदेपंडितांची या दोहोंत चांगलीच त्रेधा उडते.

आतां आयर्लंडकडे वळूं. तेथील गोष्टीशीं महाराष्ट्राचें एक नातेंहि आहे. २०१७ ते २०२० आणि पुनः २०२२ च्या डिसेंबरपासून २०२४ च्या एप्रिलपर्यंत त्या देशाचे पंतप्रधान असलेले लिओ वराडकर यांचे वडील आपल्या सिंधुदुर्गांतले. मालवण तालुक्यांतील वराड हें त्यांचें गांव. परदेशस्थ डॉक्टर बापाचा मुलगा ज्या देशाचा पंतप्रधान होतो, त्या देशाला वंशद्वेष्टा म्हणून मोकळें होणें बरोबर नाहीं. पण त्याच देशांत त्याच पंतप्रधानाच्या डोळ्यांदेखत काय झालें, तेंहि पाहावें.

आयर्लंडमध्यें द्वेषाच्या चिथावणीविरुद्ध कायदा होता तो १९८९ चा. त्याखालीं खटले फारच थोडे झाले, आणि ज्या काळीं चिथावणी पत्रकांतून व सभांतून दिली जाई त्या काळच्या बेताचा तो होता. मारहाणीमागील द्वेषाची दखल घेणारें स्वतंत्र कलम तर तेथें नव्हतेंच. न्यायाधीशाच्या मर्जीवर तें सोडलेलें. या दोन्ही उणिवा एकदम भरून काढण्यासाठीं सरकारनें २०२२ सालीं विधेयक आणलें. २०२३ च्या एप्रिलांत कनिष्ठ सभागृहानें तें ११० विरुद्ध १४ मतांनीं संमत केलें. सारें सुरळीत होईल असें दिसत होतें.

मग २३ नोव्हेंबर २०२३ उजाडला. डब्लिनच्या पार्नेल चौकाजवळ एका शाळेबाहेर एका माणसानें चाकूनें तीन बालकांना व त्यांना सांभाळणाऱ्या बाईंना जखमी केलें. हल्लेखोर परदेशी आहे अशी वार्ता समाजमाध्यमांतून पसरली, आणि त्या रात्रीं शहरांत जाळपोळ झाली, बसगाड्या पेटविल्या गेल्या, दुकानें लुटलीं. हल्लेखोराला अडवून खालीं पाडणारांत एक ब्राझिलचा गृहस्थ होता. घरोघर जेवणाचे डबे पोंचविण्याचें काम करणारा, म्हणजे तोहि परदेशीच. दंगेखोरांस त्याचें सोयरसुतक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं वराडकरांनीं सांगितलें कीं, द्वेषाच्या चिथावणीविरुद्धचा कायदा येत्या कांहीं आठवड्यांत आधुनिक करूं.

तो झाला नाहीं. आणि तो कां झाला नाहीं, याचें सारें खापर विरोधकांवर फोडणें मला न्याय्य वाटत नाहीं. विधेयकाची रचनाच सदोष होती. द्वेष म्हणजे काय, या प्रश्नाला विधेयकाचें उत्तर असें होतें कीं, अमुक लक्षणांवरून केलेला द्वेष म्हणजे द्वेष! शब्दकोशांत असें लिहिलें तर विद्यार्थी हंसतील. दंडसंहितेंत लिहिलें तर माणूस तुरुंगांत जाईल. शिवाय द्वेष भडकेल असा मजकूर, प्रसिद्ध न करतां, नुसता जवळ बाळगणें हाहि गुन्हा केलेला. आणि तो मजकूर केवळ स्वतःसाठीं नव्हता असें मानण्यास जागा असली, तर उलट सिद्ध करण्याचें ओझें आरोपीवर. लिंगभावाच्या व्याख्येवरूनहि मोठें वादळ उठलें. अमेरिकेंतून एलॉन मस्क यांच्यासारखे धनाढ्य त्यांत आगींत तेल ओतीत होते, हें खरें. परंतु व्याख्येची भोंकें त्यांनीं पाडलेलीं नव्हतीं. चौकट-निर्णयानें यांतलें बरेचसें मागितलेलेंहि नव्हतें. युरोप मागतो म्हणून, या सबबीखालीं युरोपनें न मागितलेलें सामानहि गाडींत भरलें, आणि मग गाडी चढावर थांबली.

२०२४ च्या मार्चमध्यें वराडकरांनीं पद सोडीत असल्याचें जाहीर केलें. सप्टेंबरांत तत्कालीन न्यायमंत्री हेलन मकेंटी यांनीं चिथावणीचा सारा भाग विधेयकांतून काढून टाकला. उरलेला भाग ऑक्टोबरांत संमत होऊन ३१ डिसेंबर २०२४ पासून अंमलांत आला. त्यामुळें द्वेषानें प्रेरित झालेल्या, किंवा द्वेष प्रकट करीत केलेल्या, कांहीं गुन्ह्यांस अधिक शिक्षा आली. पण चिथावणीपुरता १९८९ चा जुना कायदाच राहिला. २०२५ च्या मे महिन्यांत आयोगानें आयर्लंडला तर्कसिद्ध अभिप्राय धाडला आणि दोन महिन्यांची मुदत दिली. या पायरीनंतरची पायरी म्हणजे लक्झेंबुर्गचें न्यायालय. आयरिश सरकारचें म्हणणें, १९८९ चा आणि २०२४ चा हे दोन कायदे मिळून बहुतेक काम भागतें.

भागतें काय? टॅलाचें प्रकरण घ्या. ती मारहाण जुलै २०२५ मधली; म्हणजे नवा कायदा तेव्हां अंमलांत होता, आणि द्वेष सिद्ध झाला तर गुन्हेगारास अधिक शिक्षा होऊं शकते. एवढें उत्तर माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाला आतां निश्चितपणें देतां येतें: होय, अंतर आहे, पूर्वीं तें न्यायाधीशाच्या मनांत होतें, आतां कायद्याच्या पुस्तकांत आहे. पण त्या गृहस्थाविषयीं समाजमाध्यमांवर ज्या खोट्यानाट्या अफवा फिरल्या, त्यांचें काय? तेथें कायदा पुनः छत्तीस वर्षांपूर्वींचा. हात उगारणारा नव्या कायद्याच्या कक्षेंत आणि हात उगारण्यास सांगणारा जुन्याच्या, अशी ही विभागणी आहे. मला विचाराल तर विधेयक मोडीत काढण्याऐवजीं व्याख्या नीट करून, जवळ बाळगण्याचें कलम वगळून, चौकटीनें मागितलें तेवढेंच त्यांत ठेवायला हवें होतें. तें लिहिणें अवघड नव्हतें. १९८९ च्या कायद्यांतील शब्दांवरच तें बसवितां आलें असतें.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आयोगानें २०२१ च्या डिसेंबरांत असें सुचविलें कीं, द्वेषमूलक भाषण व गुन्हे यांचा संघाच्या मूळ करारांतील युरोपीय गुन्ह्यांच्या यादींत समावेश करावा. म्हणजे वंश व धर्म यांखेरीज स्त्रिया, अपंग इत्यादिकांनाहि समान संरक्षण देतां येईल. पण त्याला सर्व राष्ट्रांचें एकमत लागतें. युरोपीय संसदेनें २०२४ च्या जानेवारींत पुनः आग्रह धरला. तरी एकमत झालें नाहीं.

हें सारें मीं माझ्या स्नेह्यांना मागाहून एकदां समजावून सांगितलें. आयर्लंडचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनीं १२ ऑगस्ट रोजीं भारतीयांवरील हल्ल्यांचा जाहीर निषेध केला होता, तेंहि कात्रण दाखविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मुलगी परत येणार काय, असें मीं विचारलें. ते म्हणाले, "नाहीं. तिला तेथें बरें वाटतें. शेजारीहि चांगले आहेत. फक्त कचेरींतून ती आतां तासभर आधीं निघते, आणि बसमध्यें आमच्याशीं फोनवर मराठींत बोलत नाहीं. घरीं पोंचल्यावर बोलते."